संत्र्याच्या ओळीत ट्रॅक्टर

आमच्या घरी ट्रॅक्टर आला तो बैलगाडीत बसून. खामगावहून निघालेली गाडी सकाळी गावात शिरली आणि पारावरच्या मंडळींची करमणूक सुरू झाली. "काऊन बे, बैल ट्रॅक्टरले वढते का ट्रॅक्टर बैलाईले?" "याले चारा काय घालशीन, कडबा का ढेप?" आमचे हे गाडीच्या दांडीवर बसून सगळ्यांबरोबर खदाखदा हसत होते. मी दारात उभी होते, मला काही हसू येईना. माणसानं हसण्यावारी न्यावं म्हणजे किती न्यावं!

गाडीत होतं तरी काय? एक ठेंगणा, गंजलेला, एका सिलिंडरचा सांगाडा. चार चाकं, एक लोखंडी बैठक आणि बैठकीखाली चिमणीचं घरटं. खामगावात एका जिनिंगवाल्या शेठच्या बंगल्यामागे मोठी बाग होती, तिथे तो साहेबाच्या काळात आलेला आणि पुढे बंद पडलेला. ह्यांनी गाडीभर संत्री देऊन तो आणला. "खायाची वस्तू देली अन् लोखंड आनलं," असं म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आत निघून गेल्या.

तेव्हा महाराष्ट्र नवा नवाच झाला होता. नांदुऱ्याच्या अलीकडे आमचं गाव, सगळा कापसाचा आणि ज्वारीचा मुलूख. पण ह्यांच्या डोक्यात लग्नाच्या वर्षीच संत्र्याचं खूळ शिरलं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विहिरीजवळचा तुकडा दिला. कलमं लावायची तर दोन ओळींत अंतर किती सोडायचं? ह्यांनी ते मोजलं वखरानं! वखर म्हणजे बैलांमागे चालणारं, तण कापायचं लांब पात्याचं अवजार. दोन वखरं आडवी टाकली, इकडेतिकडे वीतभर सोडलं, झाली ओळ. कलमं तेव्हा गुडघ्याएवढी. झाड पसरतं, वखरापुढे दोन बैल असतात, बैलांच्या मानेवर लांबलचक जू असतं, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मास्तरानं असं मोजलं नसतं. रोज वखर हाकणाराच असं मोजू जाणे.

झाडं धरली मात्र झकास. पहिला उन्हाळा विहिरीवरचं इंजिन रुसलेलं होतं, तेव्हा मी घागरीनं पाणी घातलंय त्यांना. एकेका झाडाला. माझ्या कमरेला ते झाड न् झाड ठाऊक आहे. पुढे फळं आली, खामगावच्या बाजारात लोकांनी वाहवा केली, आणि त्याच साली बैलजोडी ओळीत शिरेनाशी झाली. जुवाची टोकं फांद्यांत अडकायची, फळासकट फांदी मोडायची, काटे लागून बैल बिथरायचे. ओळींत गवत माजलं. आतली पानं पिवळी पडायला लागली.

मामाजी एक दिवस धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून बघत राहिले आणि घरी येऊन जेवता जेवता ह्यांना म्हणाले, "एक ओळ ठिव, एक काढ. बैल जात नाई तिथं शेती व्हत नाई. आखाजी झाली का लाकूडतोडे येतीन, म्या सांगून देलं त्याईले."

म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की निम्मी बाग गेली! मी चुलीपाशी होते. हातातली भाकर तव्यावर आपटली ती दुमडली. सुनेनं सासऱ्यापुढे बोलायचं नाही, पदर कपाळावर ओढून राहायचं, अशी रीत. रीत पाळली, पण आतून नुसती रटरटत होते. खरं सांगायचं तर मामाजींचं चुकत नव्हतं, म्हणून तर आणखी राग येत होता.

ह्यांनी जेवण टाकून खामगाव गाठलं ते ह्यासाठी. तो ट्रॅक्टर बैलजोडीपेक्षा अरुंद होता आणि फांद्यांखालून जाईल एवढा बुटका होता. तो चालला तर झाडं वाचली. नाही चालला तर आखाजीनंतर कुऱ्हाड.

आणि तो चालेना. हँडल जागचं हलत नव्हतं. खामगावचा एक मिस्त्री आला, त्यानं प्लग काढला, आत रॉकेल ओतलं, हँडलला लटकला, शिव्या घातल्या. "पिस्टन जाम आहे. गंजलं आतून. घन मारून काढा लागीन, फुटलं तर फुटलं." म्हणून त्यानं सिलिंडर तापवायला बत्ती पेटवली.

मी पडवीत ज्वारी निवडत होते. थोड्या वेळानं एक वास आला. आधी वाटलं, आत्याबाईंनी चटणीला जवस भाजायला घेतले आणि करपवले. आत जाऊन पाहिलं तर चूल थंड. परत अंगणात आले तर वास त्या इंजिनातूनच येत होता! मी पदर ओढला आणि ह्यांना हाक मारली, "अहो, थांबवा त्याले. हे गंज नाई. हे जवसाचं तेल होय."

"इंजिनात जवसाचं तेल?" हे हसायला लागले.

"हसू नका! दाराले लावतो आपन जवसाचं तेल, ते वाळून कसं कातड्यासारखं व्हते? तसंच झालं आतमंदी. घन माराल तर फुटीन, मंग बसा."

मिस्त्रीनं बोट घालून आतला चिकटा काढला, वास घेतला आणि "हाव ना बे!" म्हणून कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी हे सायकलवर खामगावला जाऊन शेठच्या म्हाताऱ्या माळ्याला विचारून आले. त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं म्हणे, "हाव, पाजत होतो ना! नांगरटीनं थकलेल्या बैलाले आपन तेल पाजतो का नाई? हा तं दिवसभर राबे. इंजिनातही घाले, गेरातही घाले. चांगलं घाणीवरचं, ताजं." बैलाच्या नरड्यात बांबूच्या नळीनं तेल ओततात, तसं त्या बिचाऱ्यानं मायेनं ओतलं होतं. वर्षानुवर्षं ते आत वाळत गेलं आणि सगळं चिकटवून बसलं. काय बोलायचं अशा मायेला! पण मला त्या माळ्याचा राग आला नाही. म्हणजे यंत्र मोडलं नव्हतं, नुसतं माखलं होतं, आणि माखलेलं साफ करायचं तर ते माझं राज्य.

कढईच्या बुडाला तेलाची पुटं चढतात, ती काय घनानं काढतात? धुण्याचा सोडा घालून पाणी उकळायचं आणि त्यात कढई बुडवायची. मी आत्याबाईंची लग्नकार्यातली मोठी कढई अंगणात तीन दगडांवर मांडली. त्या धावत आल्या. "माही कढई! त्यात बुंदी पाडतो आपन!"

"आत्याबाई, घासून देतो तुम्हाले, नव्यासारखी."

"अन् वास?"

"वास तुमच्या जवसाचाच आहे."

त्यावर त्या हसल्या आणि चुलीत काड्या सारायला बसल्या. पुढचे किती तरी दिवस आमच्या अंगणाचा कारखाना झाला होता. हे नट खोलायचे, मी कोणता कुठला ते ओळखून पोत्यावर रांगेनं मांडायची. लोखंडाचं ते कढईत, पितळेचं आणि ॲल्युमिनियमचं रॉकेलमध्ये. सोड्यानं माझं ॲल्युमिनियमचं भगुनं एकदा काळंठिक्कर पडलं होतं, म्हणून ती अक्कल होती. एकदा ह्यांनी कार्ब्युरेटर कढईत टाकायला उचलला आणि मी असा काही ओरडा केला की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. "मारते का काय नवऱ्याले?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाई."

गिअरच्या दातऱ्या, म्हणजे दातेरी चाकं, उकळून निघाल्या तेव्हा काळ्या लिबलिबीत पाण्यातून पांढरं लोखंड वर आलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लाडू वळून परातीत ठेवावे तशा मी त्या दातऱ्या पुसून ठेवल्या. पिस्टन मात्र हट्टी. सिलिंडर सोड्यात उकळायचा, रॉकेलमध्ये बुडवायचा, लाकडी ठोकळा ठेवून हळूच ठोकायचं. दिवसामागून दिवस तेच. हे कंटाळले. "जाऊ दे, निंगत नाई ते." मी म्हटलं, "तुम्ही सरका." ठोकळा धरला आणि दिला एक रागाचा दणका. पिस्टन सुळकन खाली सरकला. मी एवढ्या मोठ्यानं "निंगला!" म्हणून ओरडले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मामाजी ओसरीवर होते. त्यांनी मान वळवली आणि पुन्हा पानाला चुना लावायला लागले.

जुळवाजुळवीला तो मिस्त्री पुन्हा आला आणि त्यानं जीव लावून काम केलं. नवीन रिंगा घातल्या, जाड पुठ्ठ्याची पॅकिंग कापली, प्लगची ठिणगी साधली, आणि खरं इंजिनाचं तेल स्वतःच्या हातानं ओतून डबा मामाजींच्या समोर ठेवला. "पाटील, याले हेच पाजा बरं. दुसरं काई नाई." आखाजीच्या आदल्या दिवशी पेट्रोलवर इंजिन सुरू झालं, मग रॉकेलवर आलं आणि फट फट फट करत अंगणातून गोठ्यापर्यंत गेलं. कोंबड्या आढ्यावर चढल्या. पारावरची मंडळी एकेक करून आली. चारा कोणी विचारला नाही!

पण अंगणात चालणं वेगळं आणि ओळीत चालणं वेगळं. मामाजींनी लाकूडतोड्यांना नको म्हणून सांगितलं नव्हतं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुऱ्हाडी घेऊन धुऱ्यावर हजर. ह्यांनी घाईघाईत हँडल मारलं, इंजिनानं उलटा झटका दिला आणि ह्यांचं मनगट पिरगळलं. बघता बघता टम्म सुजलं. इंजिन सुरू झालं होतं, फटफटत उभं होतं, आणि हाकायला कोणी नाही.

"आज राहू द्या," हे मामाजींना म्हणाले.

"लाकूडतोडे रोज रोज येत नाई," मामाजी म्हणाले.

मी काही विचार केला नाही, खोटं कशाला बोलू. लुगड्याचा काष्टा खोचला, पदर कमरेला बांधला आणि त्या लोखंडी बैठकीवर चढून बसले. डोकं उघडं पडलं ते बैठकीवर बसल्यावर कळलं. मामाजींनी तोंड दुसरीकडे फिरवलं. हे खालून ओरडत होते, "पायानं दाब! आता सोड! हळू!" मी सोडलं, आणि ट्रॅक्टर ओळीत शिरला.

अहाहा! दोन्ही बाजूंनी पानं माझ्या दंडाला लागत होती आणि एक फांदी मोडत नव्हती. मागे दातेरी फण लावला होता, त्यानं वर्षाचं गवत मुळासकट उपटून टाकलं. मातीचा वास आला. मी घागरीनं वाढवलेली झाडं ती, एकेक मागे पडत होती, उभीच्या उभी. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. कोणी बघायला नव्हतं, म्हणून वाहू दिलं.

ओळीच्या शेवटी मात्र पंचाईत. तिथे बांधावर एक जुनी बाभूळ होती, तिच्यामुळे वळायला जागाच नाही. पुढे घे, मागे घे, पुन्हा पुढे, असं करत करत कसाबसा ट्रॅक्टर फिरवला आणि दुसऱ्या ओळीत घातला. तिसऱ्या ओळीलाही तीच कसरत. मनात त्या बाभळीला चिक्कार शिव्या दिल्या. पाचव्या ओळीच्या मधोमध इंजिन तापलं, वाफ यायला लागली, म्हणून बंद केलं.

बंद केलं आणि ऐकू आलं. खट्ट. खट्ट. कुऱ्हाड चालली होती.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढं सगळं डोळ्यांनी बघून तोडतात? उडी मारली, ढेकळांतून पळत सुटले, चप्पल कुठे गेली ते बघितलं नाही. पदर नाही, रीत नाही, काही नाही. "मामाजी!" मी लांबूनच ओरडले. लग्न झाल्यापासून त्यांच्याशी बोललेला हा माझा पहिला शब्द. "मामाजी, काय करून राह्यले! एक झाड तोडलं तं पाहा!"

बांधावर पोचले तर लाकूडतोडे बाभळीला भिडले होते. ती बाभूळ मामाजींनी कितीतरी वर्षं राखलेली. नवं जू, नवं वखर तिच्याच लाकडाचं करायचं, म्हणून तिची डहाळीसुद्धा ते कोणाला तोडू देत नसत. ते तिच्यापासून चार पावलांवर काठी टेकून उभे होते.

"वरडते काऊन?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तुले वळाले जागा नको?"

मी तिथेच बांधावर बसले आणि लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडले. हे सुजलेला हात छातीशी धरून उभे होते आणि हसत होते. मामाजी म्हणाले, "रडनं मंग करजो. इंजिन थंड झालं का नाई, पाह्य." आणि स्वतःच विहिरीवरून बादली भरून आणायला गेले.

बाभूळ पडली. लाकूडतोड्यांनी ती ओढून बाजूला केली, त्यांच्यातल्या एकानंच हँडल मारलं, आणि मी राहिलेली निम्मी ओळ पूर्ण केली. शेवटाला आले, चाक फिरवलं, आणि मोकळ्या जागेतून ट्रॅक्टर एका दमात वळला. मामाजी विहिरीपाशी उभे होते. त्यांनी काठी उचलली आणि बैलांना घालतात तशी, साऱ्या शिवारात ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "वळ, माह्या राजा, वळ!"