मोहाखाली आलेला इशारा

ब्रह्मपुरीच्या भाड्याच्या खोलीत बसून मयुरी मडावी एका मोठ्या सॉफ्टवेअरची चाचणी करीत असे. गावाजवळ वाघ दिसला की ते सॉफ्टवेअर गावकऱ्यांच्या मोबाईलवर इशारा पाठवी. अनेकांनी लिहिलेला नवा कोड रोज पहाटे एकत्र जुळे, त्याला बिल्ड म्हणत. ते जुळले, तरच खऱ्या इशाऱ्यासारखा दिसणारा चाचणीचा संदेश निघे. त्यासाठी मयुरीने गावी राहणाऱ्या आपल्या आईचा, आशाबाईचा, नंबर दिला होता.

त्या सकाळी बिल्ड जुळलेच नाही. मयुरी चूक शोधत असतानाच आईचा फोन आला.

"तुया वाघ आला पोरी मोबाईलवर. त्याले दुसरं कामच नाई. मी रानात मोहाची फुलं वेचून राह्यलो."

मयुरीने पुन्हा पडद्याकडे पाहिले. बिल्डच नाही, तर चाचणी कोठून? म्हणजे हा इशारा खरा होता.

"आई, तो वाघ माया नाई. आज चाचणी झालीच नाई. टोपलं तिथंच ठेव अन् घरी जाय."

आई फोन चालू ठेवूनच निघाली. वाळक्या पानांवरच्या पावलांचा आवाज तेवढा येत राहिला. ती पावले आईचीच आहेत, असे मयुरी मनाला बजावत राहिली.

अखेर कोंबडा आरवला. "आंगनात आलो," आई पुटपुटली.

मयुरीने आईचा नंबर चाचणीतून काढून टाकला; यापुढे तिला येणारा प्रत्येक इशारा खराच असणार होता.