सयाजीमामांचा हळू आवाज

आमच्या शेजारचे सयाजीमामा साधं ‘चहा झाला का’ विचारतात, तरी नव्या माणसाला वाटतं भांडण लागलं. दारातच म्हशींचा गोठा, पुढं कट्टा. संध्याकाळी लोक तिथं बसून समोर काढलेलं फेसाळ दूध पितात. या गोठ्यात गेल्या वर्षी इंग्रजीचा वर्ग सुरू झाला आणि आमच्या कानांचं काही खरं राहिलं नाही.

कारण होतं वर्षाराणी, मामांची सून. नेसरीची पोरगी, बी.कॉम. झालेली. वाचलेलं इंग्रजी सगळं समजायचं, पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. कागलच्या एका कारखान्यातली ऑफिसची नोकरी त्यापायीच हुकली. पुन्हा बोलावणं येणार होतं. तेव्हाही असंच झालं तर नोकरीचं नाव काढायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

मामांच्या जिवाला हे लागलं. स्वतः सातवी शिकलेले, पण मोबाईलवर रोज एक शब्द शोधायचे. आधी उच्चार, मग अर्थ, मग वाक्य. वाक्याचा नियम त्यांचाच. “पुस्तकातलं नगं. आपल्या घरातलं पायजे, आनि खरं पायजे.” मग वर्षाराणी म्हणायची, “द बफेलो इज स्टबर्न.” धार काढता काढता मामा गरजायचे, “मोठ्यानं की! आनि एकदा!” मोठ्यानं सांगितलं की डोक्यात शिरतं, हा त्यांचा ठाम समज. तिचा आवाज मात्र दिवसेंदिवस बारीकच होत गेला. मला तर मामांचा रागच यायचा.

एके दिवशी शब्द निघाला ‘अफ्रेड’.

“अर्थ?” मामा म्हणाले.

“घाबरलेली.”

“हां. वाक्य?”

ती म्हणाली, “आय ॲम नॉट अफ्रेड ऑफ इंग्लिश. आय ॲम अफ्रेड ऑफ युवर व्हॉइस.”

मामांनी नेहमीसारखा अर्थ विचारला. तिनं खाली मान घालून सांगितला. “मामा, मला इंग्रजीची भीती न्हाय वाटत. तुमच्या आवाजाची वाटती.”

मामांचे हात थांबले. आपण ओरडतो, हे त्यांना जन्मात कधी वाटलं नव्हतं. ते बिचारे माया करत होते.

दुसऱ्या दिवसापासून मामा कुजबुजायला लागले. गिऱ्हाइकांना वाटलं, घसा बसला. त्यांच्या बायकोनं, धोंडुबाईंनी, हळदीचं दूध पाजून पाहिलं.

बोलावणं आलं ते मोबाईलवरच्या मुलाखतीचं, नेमकं संध्याकाळी धारेच्या वेळी. मामा दारात तोंडावर बोट ठेवून उभे. “पावणं, जरा दम खावा,” ते हळूच सांगत होते, “सूनबाईची मुलाखत चाललीया.” आम्ही सगळे रिकामे पेले धरून चिडीचूप.

आतून मोबाईलवरच्या साहेबांचं इंग्रजी ऐकू आलं. आवाज येत नाही, मोठ्यानं बोला. बोलायचा सराव कुणाबरोबर करता? मामांनी दाराची चौकट घट्ट धरली. माझाही जीव टांगणीला लागला.

मग असा खणखणीत आवाज आला, की कोपऱ्यावरच्या पानवाल्यानंही वळून पाहिलं. “विथ माय फादर-इन-लॉ, सर! ही शाउट्स ॲट द होल वर्ल्ड. बट फॉर मी, ही लर्न्ड टु स्पीक सॉफ्टली.”

नोकरी लागल्याचं पुढं कळलं. त्या घडीला कट्ट्यावरच्या एकानं विचारलं, “मामा, काय म्हनली वो?” मामांनी सांगायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. टॉवेलात तोंड खुपसून ते म्हशीआड जाऊन बसले, आणि अर्थ मला सांगावा लागला.