अण्णांच्या उपरण्यावरचा डाग

केशवअण्णा गेल्याची बातमी मला इथे आफ्रिकेत, मोंबासात महिनाभराने मिळाली, भोरहून त्यांच्या पुतण्याने धाडलेल्या पार्सलातून. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘अण्णा फार प्रेमळ होते.’ वाचून मला रागच आला. अण्णा प्रेमळ बिलकूल नव्हते. वकीलसाहेबांच्या घरी ते आचारी आणि मी वरकामाचा गडी. सात वर्षांत माझ्या गावावरून ‘हिर्डोशीचं रेडकू’ याखेरीज त्यांनी मला हाक मारली नाही, आणि मीही मनातल्या मनात त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. तिसरीतून शाळा सोडलेल्या माणसाचं हे लिहिणं... चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

साहेब प्रकृतीसाठी फ्रान्सला गेले तेव्हा आम्हा दोघांना बरोबर नेलं. तिथे एक दिवस डोंगरमाथ्यावरचं जुनं गाव बघायला निघालो. भोवती तट, दगडी वेस, शेकडो वर्षांची घरं; तिथले लोक म्हणे एक चिरा हलू देत नाहीत. उतारावर सगळे द्राक्षांचे मळे, दारूसाठी लावलेले. अण्णा धापा टाकत म्हणाले, “गड बघावा तर आपला भोरचा रोहिडा. ही कसली दारुड्यांची वस्ती!” वेशीच्या कोनाड्यात मूल कडेवर घेतलेली एक दगडी बाई होती. पुढे ना फूल ना पान. आमच्याकडे नाचणीचं पहिलं कणीस वेशीवरच्या देवीला वाहतात. त्यात कुणाला काय विचारायचं? मी लगतच्या मळ्यातला एक घड तोडला, तिच्या पायाशी ठेवला आणि वहाणा काढून उंबऱ्याला हात लावला...

मळेवाला कोयता घेऊन धावून आला. खिडक्या उघडल्या, माणसं जमली, एक म्हातारी आमच्या पायांपुढे थुंकली. साहेब लाजेने लाल. “कोणी तोडला? पहिल्या बोटीने परत धाडीन!” परत गेलो तर घरच्या पाच तोंडांत काय घालू? तेवढ्यात अण्णा पुढे झाले. “मी तोडला.”

मळेवाल्याने शिक्षा सांगितली, ती साहेबांनी मराठीत सांगितली : संध्याकाळपर्यंत टोपल्या वाहायच्या. ज्या माणसाने माझ्या हातचं पाणी कधी घेतलं नाही, तो उपरण्याची चुंबळ करून दारूची द्राक्षं डोक्यावर घेऊन चढ चढत राहिला. मी हात लावायला गेलो तर खेकसले, “मागं हो, रेडका!”

उतरताना मी पाया पडलो. “अण्णा, तुमी माज्यासाठनं...”

“तुझ्यासाठी? मला हाकललं तर साहेबांना वरणभात कोण घालील? तुला हाकललं तर भांडी मला घासावी लागतील. ऊठ, आणि हे धू!”

उपरण्यावर जांभळा डाग पडला होता. मी रोज धुवायचो, अण्णा रोज उजेडात धरायचे. “अजून आहे. घास.” तसंच करवादत त्यांनी मला स्वयंपाकही शिकवला. त्याच्यावर आज इथल्या खानावळीत माझं पोट चालतं. आभाराची तीन पत्रं मी धाडली. एकाचंही उत्तर आलं नाही.

पार्सलात ते उपरणं आहे. टोकाला टाचलेल्या कागदावर अण्णांचं अक्षर : ‘सखारामास द्यावे. डाग अजून आहे.’

साबण आणून ठेवलाय. बादली भरलीय. पण इथला साबण फार कडक... एखादे वेळी डाग जायचा, म्हणून हात पुढे होत नाही.