खालच्या ओळीपासून

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई कुठलाही कागद खालून वर वाचायच्या. परिपत्रक असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर पालकाची चिठ्ठी. आधी शेवटची ओळ, मग तिच्या वरची. मी नवीन असताना एकदा कारण विचारलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वरचं सगळे पाठ करून लिहितात. खाली येईपर्यंत दम संपतो, मग खरं येतं." मुख्याध्यापिकेला 'मोठ्या बाई' म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे, पण या उंचीला जेमतेम पाच फूट, त्यामुळे नवे पालक हमखास मलाच नमस्कार करायचे. "घ्या, नमस्कार तुम्ही घ्या. कामं मी करते," असा मागून आवाज यायचा.

शाळा मार्केट यार्डाजवळ. मुलं हमालांची, टेम्पोवाल्यांची, भाजी निवडणाऱ्या बायांची. मी लग्न होऊन वर्ध्याहून पुण्यात आले होते आणि शिक्षणसेवक म्हणून तिसरीचा वर्ग सांभाळत होते. तीन वर्षं मानधनावर काढायची, मग नोकरी कायम. मोठ्या बाई निवृत्त झाल्या तरी मी त्यांच्या लेखी 'नव्या बाई'च राहिले. माझा नवरा हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टिंगला होता. म्हणजे नक्की काय करतात, असं त्यांनी एकदा विचारलं.

"दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधतात," मी म्हटलं.

"आणि त्याचा पगार मिळतो?"

"चांगला मिळतो."

"बघा. आपल्याकडे झाकल्याचा मिळतो."

दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी व्हायची, सगळ्या शाळांना एकच. गणिताची मला भीती नव्हती. पन्नास किलोची सात पोती म्हटलं की आमची मुलं पापणी लवायच्या आत साडेतीनशे सांगायची. तोच गुणाकार कागदावर आला की पेन्सिल चावत बसायची. "त्यांना गणित येतं, आपला कागद येत नाही. तेवढा शिकवा," हे मोठ्या बाईंचं ठरलेलं वाक्य, आणि तेवढं जमून जायचं. वाचनाचं मात्र अवघड होतं. प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याचा स्तर लिहायचा: अक्षर, शब्द, वाक्य किंवा उतारा. नमुन्याच्या उताऱ्यांपैकीच एखादा चाचणीत येतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माझं तिसरं वर्ष चालू होतं. मी ते उतारे महिनाभर वर्गाकडून म्हणून घेतले.

संगीता नावाची एका हमालाची मुलगी होती. तिने चाचणीचा उतारा बोट फिरवत खणखणीत वाचला. मी तिच्यापुढे ऐटीत 'उतारा' लिहिलं. निकाल शिक्षण खात्याच्या कचेरीत जाण्याआधी मोठ्या बाई वर्गात आल्या. त्यांनी संगीताला जवळ घेतलं, उताऱ्याच्या अगदी शेवटच्या शब्दावर तिचं बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथून वर चढ बघू." संगीता त्या शब्दाकडे बघत राहिली. मग हळूच तिने उताऱ्याचं पहिलं वाक्य म्हणायला सुरुवात केली. "कान फार चांगले आहेत गं तुझे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. अशी अकरा मुलं निघाली.

ऑफिसात मी रडले. म्हटलं, "बाई, हे माझं कायम व्हायचं वर्ष आहे."

"आणि तिचं वाचायला शिकायचं. तुम्ही 'उतारा' लिहिलंत की तिला पुन्हा कोणी अक्षर दाखवणार नाही. चौथीत नाही, पाचवीत नाही. वाचते म्हणून सोडून देतील." असं म्हणत त्यांनी माझ्यासमोर अकरा ठिकाणी 'उतारा' खोडून 'अक्षर' लिहिलं. मला इतका संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

शाळा यादीत तळाला गेली. कचेरीने खुलासा मागवला. मोठ्या बाईंनी उत्तर दिलं, "निकाल मी स्वतः तपासून बदलला आहे, जबाबदारी माझी." माझी नोकरी कायम झाली. त्यांना निवृत्तीला सहा महिने उरले होते. ते सगळे महिने त्या मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्या अकरा जणांना घेऊन बसल्या. निरोपाला कचेरीतून कोणी फिरकलं नाही. पेढे आम्हीच आणले, आणि त्या खोक्यावरचा मजकूर संगीताने शेवटच्या शब्दापासून वाचून दाखवला. अडखळत, घाम पुसत, पण वाचला.

पुढे पंधरा वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले. कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहायच्या. वाकडला फ्लॅट घेतलेला भाचा म्हणायचा, "मावशी, चल आता आमच्याकडे." त्यावर उत्तर ठरलेलं: "माझं मला दिसतंय तोवर इथून हलणार नाही." एकदा बघितलं, तर त्या पेपरातले नुसते मोठे मथळे वाचत होत्या. मी म्हटलं, "बाई, आता वरचंच?" तर म्हणाल्या, "खाली हल्ली काही नसतं."

मी भाच्याला फोन केला. त्याला रजा नव्हती, म्हणून सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांना मीच घेऊन गेले. आमच्याआधी तिघं होते. दार उघडंच होतं आणि प्रत्येक जण भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होता. मोठ्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ हलत होते. मला वाटलं, जप चाललाय.

आमचा नंबर आला. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. कुठे अडखळल्या नाहीत, अगदी खणखणीत. "वा, आजी!" डॉक्टर म्हणाले. हा आवाज मी तिसरीच्या वर्गात ऐकलेला होता. मी तोंड उघडलं तर त्यांच्या दोन खोल्या सुटणार होत्या, आणि गप्प बसले तर डोळे. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"डॉक्टर," मी म्हटलं, "शेवटच्या ओळीपासून विचारा. उजवीकडून."

डॉक्टरांनी छडी शेवटच्या ओळीवर ठेवली. शेवटच्या ओळीतलं एकही अक्षर त्यांना आलं नाही. डॉक्टर छडी वर वर नेत गेले. सगळ्यात वरचं तेवढं मोठं अक्षर त्यांनी ओळखलं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली औषधाने टिकणार होती. आणखी उशीर झाला असता तर तीही राहिली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेर जिन्याशी त्या थांबल्या. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार.

"माझ्यापुढे काय लिहाल?" त्यांनी विचारलं.

"अक्षर," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

"बरोबर आहे. मग रडता कशाला, नव्या बाई? हात धरा. पायऱ्या दिसत नाहीत मला."