ते कपडे धुतले कोणी?

"ए, खाली बस. खुर्च्या मेंबर्सच्या आहेत."

चिखलीतल्या एका सोसायटीचं क्लबहाऊस. रविवारची दुपार. मागच्या दोन रांगा रिकाम्या. त्या खुर्च्या सकाळी माझ्या आईनेच पुसलेल्या. आई त्या सोसायटीत चार घरची धुणीभांडी करायची. त्यातल्याच एका मॅडमनी सिनेमा बघायला बोलावलं होतं. म्हणाल्या होत्या, मुलीलाही आण, वाचते ना ती. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. इस्त्रीचा ड्रेस घालून गेले होते. उठले. फरशीवर बसले. आई आधीच बसली होती, भिंतीला टेकून, सवयीने.

सिनेमा सुरू झाला. शहराबाहेरचं मोठं घर. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत. मुलगी दार लावून बसते. सगळं आहे आणि सगळे रडवेले. शेवटी ती बायको गच्चीवर जाते, दोरीवरचे ओले कपडे उन्हात हलताना बघते आणि रडते. आयुष्य सुंदर आहे, हे तिला कळतं. खोटं कशाला बोलू, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

मग चर्चा. मॅडमनी विचारलं, कुणाला काय सुंदर वाटलं. कुणी ऊन म्हणालं, कुणी शांतता. मी हात वर केला.

"ते कपडे धुतले कोणी? अख्ख्या सिनेमात ती बाई दिसलीच नाही."

सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "सिनेमा कळायला लेव्हल लागते, बाळा. भांडी घासून येत नाही ती."

सगळे हसले. आईही हसली. तिचं ते हसणं माझ्या डोक्यातून जात नाही.

मी म्हणाले, "आई भांडी घासते म्हणून तुम्हाला सिनेमा बघायला वेळ आहे."

मग कुणी हसलं नाही.

सोमवारी सकाळी गेटवर वॉचमनने मोबाइल पुढे धरला. कामवाल्या बायकांचा पास ॲपवर असतो. हिरवा असेल तर आत. आईचा लाल. तो म्हणाला, "मावशी, वरून ब्लॉक केलंय. माझ्या हातात काय न्हाई." चारही घरं एका बोटाने गेली.

मॅडमनी फोन उचलला नाही. पप्पा चाकणला कंत्राटावर, त्यांना नेमका त्याच महिन्यात कंपनीने ब्रेक देऊन घरी बसवलेलं. आईने माझ्या वहीचं पान फाडलं. "लिही माय. तुला लिव्हता येतंय."

मी माफी लिहिली. हो, लिहिली. चेअरमननी वाचली आणि म्हणाले, "एक ओळ वाढव. मी माझी पायरी विसरले."

आई माझ्याकडे बघत होती. हात जोडले नव्हते, एवढंच.

मी कागद परत घेतला आणि फाडला.

आई दोन महिने घरी बसली. ॲप सगळीकडे तेच, त्या पासशिवाय शेजारच्या सोसायटीतही कुणी घेईना. माझ्याशी बोलायची नाही. ताट वाढायची, पुढे सरकवायची. एकदाच म्हणाली, "तुजं खरं झालं. आता खा खरं."



आता मी रोज सकाळी सोसायट्यांच्या गेटवर वही घेऊन उभी असते. बायकांच्या सह्या घेते. ठराव एकच. एकीचा पास लाल झाला, तर त्या दिवशी कुणीच आत जायचं नाही. वहीतली पहिली ओळ आईसाठी सोडलीय. तिने अजून सही केलेली नाही. करो, न करो. पुढचा पास लाल होईल त्या सकाळी गेटसमोर पहिली मी बसेन. आतल्या एकाही दोरीवर कपडा चढणार नाही.

मग बघा गच्चीवरून काय सुंदर दिसतंय ते.