कुमुदताईंची कोरडी बरणी

प्रयोगशाळेच्या फ्रिजवर कुमुदताईंची चिठ्ठी होती : ‘हात लावाल तर हात जाईल.’ आत तागाचा ओला लगदा होता.

ताई जन्मानं कोलकात्याच्या, मी पुण्याहून आलेला. मराठी बोलायला आम्ही दोघंच. जवळच्या बजबज गावातल्या गिरणीतला टाकाऊ ताग त्या लोकलनं स्वतः आणत, त्यातून सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू काढत. कार्बनच्या नॅनोनळ्या आणि हे तंतू प्लास्टिकमध्ये मिसळून त्यांनी अशी पातळ फिल्म बनवली, की तिच्यातून वीज जाऊन दिवा लागे.

“तंतू ओलेच ठेवायचे,” त्या बजावत. “वाळले की एकमेकांना चिकटतात, प्रोफेसर खुर्चीला चिकटतात तसे. मग सुटत नाहीत.”

आमच्या विभागप्रमुख सरांनी ताईंची वही नेली आणि तिच्यावरून शोधनिबंध छापला. लेखकांत ताई नव्हत्या. शेवटी आभारांत एक ओळ होती : ‘मदतनीसांचे सहकार्य.’ ताईंनी ती दोनदा वाचली. “मदतनीस. बरं.”

महिन्याभरानं बडे पाहुणे यायचे होते. सरांनी लेखी हुकूम काढला : सगळे तंतू सुकवून काचेच्या बरण्यांत मांडा, त्याच पावडरीची फिल्म करा. ओला लगदा म्हणे दिसायला बरा नाही.

“ताई, सरांना सांगू या?”

“मदतनीसांनी सल्ला देऊ नये रे. वाईट दिसतं.”

त्यांनी हुकूम तंतोतंत पाळला. पाहुण्यांसमोर सरांनी गाठाळ फिल्म तारांना जोडली. दिवा लागला नाही. पाहुणे सौजन्यानं जेवायला गेले.

“एटा की होलो, दिदी?” हे काय झालं म्हणून सर घामाघूम.

ताईंनी खणातून दोन वस्तू काढल्या : ओल्या तंतूंची जुनी फिल्म, आणि नियतकालिकाला लिहिलेलं दुरुस्तीपत्र. त्यात लेखकांमध्ये पहिलं नाव ताईंचं होतं. “आधी सही.”

सरांनी सही केली. जेवणानंतर दिवा लागला.

“आधी सांगायचंत ना!” सर नंतर कुरकुरले.

“सांगितलं होतं, सर. वहीच्या पहिल्याच पानावर, लाल शाईत. तीच वही, जी तुम्ही नेलीत.”

निवृत्तीला शालीऐवजी ताईंनी एक कोरडी बरणी मागून घेतली. डमडमच्या घरी ती दर्शनी कपाटात असे. कुणी विचारलं की म्हणत, “आमच्या सरांचं संशोधन.”

ताई गेल्या. बरणी आता माझ्या टेबलावर आहे. सर अधूनमधून येतात, तिच्याकडे पाठ करून बसतात. मी दर वेळी त्यांची खुर्ची बरणीकडे फिरवून देतो.