टायर कुणाचा ते विचार

रस्त्यात कुणाचीही गाडी उभी दिसली की काका उकिडवे बसायचे आणि टायरच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. मालक येऊन उभा राहिला तरी त्यांचं चालूच. मग मान वर करून विचारायचे, "हवा केव्हा बघितलीत?" एकदा बडोद्यात पाणीगेटला वरातीत नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी त्यांनी अशीच थांबवली. बँड वाजतोय, नवरदेव घामाघूम, आणि काका म्हणतायत, "पुढचा डावा बदला, मग जा."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण हसतो त्यांना. मीही हसायचे.

टायरच्या कारखान्यात चाचणी विभागात ते माझे वरिष्ठ. त्यांचे पणजोबा गायकवाडी सैन्यात होते. तो ताठा काकांच्या पाठीत उतरला होता, जिभेवर मात्र नाही. मी लागले तेव्हा विभागात बाई मी एकटीच. "साहेब नको, काका म्हण," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. फिरत्या लोखंडी ड्रमवर टायर दाबून तासन्‌तास पळवायचा आणि तो कुठे फुगतो, कुठे सुटतो ते बघायचं, हे आमचं काम.

रविवारी त्यांच्या घरी फॉर्म्युला वनच्या शर्यती बघायला आम्ही तिघं-चौघं जमायचो. काकू सेव-उसळ करायच्या. त्या काळी त्या गाड्यांना दोन कंपन्या टायर पुरवत आणि त्यांच्यात जबरदस्त चुरस होती. "काका, पुढे कोण आहे?" असं मी विचारलं की ते चिडायचे. "ड्रायव्हर राहू दे गं. टायर कुणाचा ते विचार!" एका कंपनीचे टायर उन्हात चांगले चालतात म्हणून ते तिच्या बाजूचे. बडोद्याच्या माणसाने आणखी कुणाची बाजू घ्यायची, असा त्यांचा सवाल.

एका शर्यतीत त्याच कंपनीने ऐनवेळी जाहीर केलं की आमचे टायर इथल्या एका वळणावर टिकतील याची खात्री नाही. तिचे टायर लावलेल्या सगळ्या गाड्या सुरुवातीलाच माघारी वळल्या. मैदानात उरल्या सहा. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. सोमवारी काका तोंड पाडून येतील असं आम्हाला वाटलं, तर ते पेढे घेऊन आले.

"काका, तुमची कंपनी हरली ना?"

"हरली कुठे? एवढ्या लोकांसमोर म्हणाली, आमचा माल कमी पडला. त्याला काळीज लागतं."

पुढे ती कंपनी शर्यतींतून बाहेर पडली आणि सगळ्या गाड्यांना एकाच कंपनीचे टायर आले. काकांनी टीव्ही बघणं सोडलं. आमचे रविवारही संपले.

मग चुरस आमच्याच दारात आली. एका बस कंपनीला टायर हवे होते. दुसरा एक कारखानाही मागे लागला होता. आमच्या नव्या टायरचे पाच नमुने आम्ही ड्रमवर पळवले. त्यातल्या दोन टायरांची रस्त्याला टेकणारी वरची पट्टी सुटली. काकांनी अहवालावर 'नापास' लिहिलं. ते दोन नमुने वगळून नवा अहवाल करा, असं मॅनेजर म्हणाले. काका नाही म्हणाले. तेव्हा मॅनेजर माझ्याकडे आले. "बेन, सही करी आपो ने. कागळ ज छे."

कागदच तर आहे, असं मीही स्वतःला सांगितलं आणि सही केली. बस कंपनीची ऑर्डर आम्हाला मिळाली.

काकांची बदली शहराच्या टोकाला छाणीच्या गोदामात झाली. जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. "ड्रमचं डावं बेअरिंग आवाज करतंय, लक्ष ठेव," एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यात हायवेवर त्यातल्या एका बसचा टायर फुटला. ड्रायव्हर जागीच गेला. बस जास्त भरली होती, असं कारण निघालं. असेलही. मी सुट्टी टाकून छाणीला गेले. टायरांच्या थप्प्यांमध्ये काका एका स्टुलावर बसले होते. मला रडू आवरेना.

"काका, मी सही करायला नको होती."

त्यांनी शेजारच्या टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तुझं राहू दे. ती कंपनी जगासमोर बोलली. मी एका फायलीत बोललो आणि गप्प बसलो."

तिथेच त्यांनी बस कंपनीला पत्र लिहिलं, पाचही नमुन्यांचं खरं काय झालं ते. खाली सही केली. मी पेन घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी कागद ओढून घेतला. "तुला अजून पुष्कळ नोकरी करायचीय." मी हट्ट केला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

महिन्याभरात सगळ्या बसचे टायर बदलले गेले. काकांना कामावरून काढलं. त्यांची खुर्ची पुढे मला मिळाली.

त्यांच्या घरी मी पुन्हा गेले नाही. उद्या जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करत वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्या कारखान्याची बस पाणीगेटला थांबली आणि खिडकीतून मला ते दिसले. खूप वाळले होते. हातात मेथीची जुडी होती आणि रस्ता ओलांडायला ते कुणाची तरी वाट बघत होते. त्यांनी मला ओळखलं. हसले. मी उतरायला उठून उभीही राहिले होते. पण पाठीमागून कुणीतरी उशीर होतोय म्हणून कुरकुरलं, "मॅडम, मोडू थाय छे," आणि मी बसले.

नऊ दिवसांनी काकूंचा फोन आला, काका गेले.